आप्पांना माझं नाव आठवत नाही, पण कुस्तीतली ढाक कशी मारायची ते आठवतंय

पेठेतली_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे आप्पा, वय ७९. जन्म, शाळा, लग्न, संसार सगळा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आधी चष्मा, किल्ल्या, गॅस बंद केला का असलं सुरू झालं आणि मग एक दिवस मिरजकर तिकटीवरनं घरी यायची वाट चुकले, जी वाट ते डोळे झाकून चालले असते. आता मला कधी "ताई" म्हणतात (त्यांची थोरली बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली) तर कधी नुसतंच बघतात आणि "आपण कोण म्हणायच्या?" असं अगदी अदबीनं विचारतात. ते अदबीनं विचारणं जास्त लागतं. दिवेलागणीला "मला घरी सोडा" सुरू होतं, घरातच बसून. आणि बोलणं तर गेल्या दिवाळीपासून जवळजवळ बंदच, जेवलात का म्हटलं तर मान हलवतात तेवढंच.

गेल्या महिन्यात माझा भाचा आलेला, तो सोप्यात बसून मोबाईलवर खासबागेतल्या कुस्त्या बघत होता. आवाज मोठा. हलगी कडाडायला लागली तशी खिडकीशी बसलेल्या आप्पांनी मान वळवली. उजवा हात आपोआप मांडीवर आला. भाचा म्हणाला, "पट काढला बघ त्यानं," आणि आप्पा एकदम, "पट न्हाई काढला. ढाक हाय ती." आम्ही दोघं गप्प. मग उठले, आपले आपण उठले हो, भाच्याचा हात बगलेत धरला, कंबर वळवली आणि म्हणाले, "हितनं. ताकद न्हाई लावायची, वजन लावायचं." आठ महिन्यांत एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातनं पीठाच्या हातांनी धावत आली.

तर झालं काय, मला हुरूप आला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांचा फुटबॉल टीमचा जुना फोटो काढला. आप्पा पेठेच्या टीममध्ये गोली (गोलकीपर) होते, ७० च्या आसपासचा फोटो असेल. मी शेजारी बसून एकेकावर बोट ठेवून विचारत गेले, हे कोण, आठवतंय का, बरं हे कोण? तिसऱ्या की चौथ्या माणसाला त्यांनी फोटो माझ्या हातातनं घेतला, पालथा घातला आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्या रात्री जेवले पण नाहीत.

माझं काय चुकलं ते कळेना. कुस्तीनं उघडलेलं दार फोटोनं बंद कसं झालं? आणि दुसरं म्हणजे, ह्याचा खरंच काही उपयोग असतो का आपणच आपली समजूत घालत असतो? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

तालमीतला_पोरगा

ताई, "ताकद न्हाई वजन लावायचं" हे आमचे वस्ताद पण शब्दाला शब्द असंच सांगायचे. वाचताना काटा आला अंगावर. अनुभव नाही मला पण धागा वाचत राहणार.

रंकाळ्याचा_वारा

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. कुस्तीच्या वेळी तुम्ही काही विचारलं नव्हतं, ते आपणहून सांगत होते. फोटोच्या वेळी तुम्ही परीक्षा घेतली. रागवू नका, आम्ही पण हेच केलंय, वर्षभर केलंय. "आठवतंय का" हा शब्दच घरातनं काढून टाका.

माझे आजोबा १९३२ चे, चार वर्षांपूर्वी गेले. क्रिकेटवेडे. त्यांच्या डोक्यात सगळ्यात शेवटपर्यंत काय राहिलं तर भाऊसाहेब निंबाळकर. आपल्या कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजीची मॅच, निंबाळकर ४४३ नाबाद, आणि तेव्हा ब्रॅडमनचा जागतिक विक्रम ४५२ चा, म्हणजे फक्त नऊ रन कमी, आणि काठियावाडच्या कप्तानानं पुढं खेळायलाच नकार दिला, मॅच सोडून दिली. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांना आज सकाळी काय खाल्लं माहीत नसायचं पण हे नऊ रन त्यांना रोज नव्यानं सलायचे. रोज. तावातावानं सांगायचे, "आरं दहा मिंटं थांबला असता तर काय बिघडलं असतं त्याचं!" आम्ही पण रोज नव्यानं चिडायचो त्यांच्याबरोबर. आधी वाटायचं बिचाऱ्यांना कशाला त्रास, पण तो राग असा होता की त्यानंतर ते दोन घास जास्त जेवायचे. आणि एवढी कारकीर्द करून त्या माणसाला एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही हा विषय काढला की मग अर्धा तास निश्चिंत.

एक युक्ती सांगतो. मी कधी कधी मुद्दाम चुकीचं बोलायचो, "आजोबा, ४४० ना?" की लगेच "४४३! नाबाद!" असं दुरुस्त करायचे आणि चेहरा असा फुलायचा. माहिती त्यांच्याकडं, चूक माझ्याकडं. करून बघा.

ओपीडी_नंतर

मी ह्याच क्षेत्रात काम करते त्यामुळे थोडं लिहिते, पण हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर खराब होतो, नवीन आठवण पक्की करून ठेवायचं काम त्याच्याकडं असतं. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही. जुन्या आठवणी, त्यातही साधारण दहा ते तीस ह्या वयातल्या, जास्त दिवस तग धरतात. आणि ढाक मारणं, बॉल अडवणं, सायकल चालवणं ह्या गोष्टी तर वेगळ्याच ठिकाणी साठवलेल्या असतात, मेंदूच्या आतल्या भागात आणि लहान मेंदूत, तिथं हा आजार उशिरा पोचतो. आप्पांना डावाचं नाव आधी आठवलं का कंबर आधी वळली हे नीट आठवून बघा, माझा अंदाज आहे शरीराला आधी आठवलं असेल.

म्हातारपणी माणूस जुन्या आठवणींत जातो ती सवय मोडायची गोष्ट नाही, त्याचा उपयोग आहे, असं रॉबर्ट बटलर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडलं आणि तिथनं पुढं आठवणींवर आधारलेली उपचारपद्धत वाढत गेली. उपयोग होतो का? २०१८ ला कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं ह्या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, २२ अभ्यास होते. निष्कर्ष असा की फायदा आहे पण लहान आहे आणि सगळीकडं सारखा नाही, कुठं मूड सुधारतो, कुठं बोलणं वाढतं, कुठं फारसा फरक पडत नाही. आजार थांबत नाही ह्यानं. हे मी स्पष्ट लिहितेय कारण पेशंटच्या घरचे लोक फार आशेनं सुरू करतात आणि महिन्याभरात "पप्पांना काहीच फरक नाही" म्हणून सोडून देतात. फरक मोजायचा असेल तर त्या अर्ध्या तासात मोजा. तो अर्धा तास बरा गेला ना, मग उपयोग झाला.

दोन कामाच्या गोष्टी. एक, कान तपासून घ्या. हलगी मोठ्या आवाजात होती म्हणून पोचली असंही असू शकतं, बरीच म्हातारी माणसं ऐकूच येत नाही म्हणून गप्प होतात आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिन आणि थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर ती पण करून बघा. दोन, अचानक दोन दिवसांत जास्त बिघडले, भलतंच बरळायला लागले तर थांबू नका, लघवीचं इन्फेक्शन एवढं साधं कारण असतं पुष्कळदा.

आणि वयाचा हिशोब करा. आप्पा ७९ म्हणजे त्यांचे दहा ते तीस हे १९५६ ते ७६ च्या आसपास. त्यांना ८३ चा वर्ल्डकप लावून देऊ नका, तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले, मागं पोराबाळांचा व्याप. ८३ हा आज पासष्टीच्या आसपास असलेल्यांचा खजिना.

तालमीतला_पोरगा

मग आप्पांच्या वयाचं मी सांगतो. श्रीपती खंचनाळे १९५९ ला पहिले हिंदकेसरी झाले तेव्हा आप्पा बारा-तेरा वर्षांचे. पुढच्याच वर्षी १९६० ला गणपतराव आंदळकर. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं हिंदकेसरीची गदा कोल्हापूरच्या तालमीत! त्या वयाच्या पोराला काय वाटलं असेल सांगा. मग ६४ ला मारुती माने हिंदकेसरी आणि त्याच वर्षी आंदळकर टोकियो ऑलिंपिकला. नुसती ही नावं त्यांच्यासमोर घ्या ताई, विचारू नका, घ्या फक्त.

आजरा_घनसाळ

माझ्या वडिलांचं खाशाबा जाधव हे दैवत. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले ही गोष्ट वडील सांगायला लागले की दरवेळी त्याच ठिकाणी त्यांचा आवाज भरून येतो, "सात हजार. बावन साली." पुढची गोष्ट विसरतात, पण ह्या दोन वाक्यांवर येऊन थांबतात आणि मग माझ्याकडं बघतात की मला कळलं का. मी म्हणतो कळलं. दिवसातनं चारदा म्हणतो.

क्लाईडकाठी

मूळचा कळंब्याचा, नोकरीनिमित्त ग्लासगोत. इथं हे काम बरंच पद्धतशीर चालतं म्हणून लिहितो. अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि हॅम्पडेन पार्क स्टेडियममधलं फुटबॉल म्युझियम मिळून "फुटबॉल मेमरीज" नावाचा उपक्रम चालवतात. मी काही महिने शनिवारी मदतीला जात होतो. सहा-आठ म्हातारे, टेबलावर जुने फोटो, मॅचचे जुने कार्यक्रमपत्रक, चहा-बिस्किट. चालवणारे सगळे स्वयंसेवक, बरेचसे स्वतःच फुटबॉलवेडे.

तिथं मला पहिल्या दिवशी सांगितलेलं ते असं की इथं कुणालाही पेशंट म्हणायचं नाही, वागवायचं पण नाही. आलेला माणूस म्हणजे मॅच बघितलेला माणूस, आपण न बघितलेला. मी कोल्हापूरचा, मला तिथल्या १९६० च्या टीमचं ओ की ठो माहीत नव्हतं आणि तेच बरं झालं. मी खरोखरच अडाणी होतो म्हणून ते मला खरोखरच शिकवत होते. एक आजोबा बायकोशी एक शब्द बोलत नसत, मला ऑफसाईड समजावून सांगताना त्यांनी बिस्किटं मांडून डिफेन्स लावला होता.

मला तेव्हापासून वाटतं की आपल्याकडं हे पेठेपेठेत व्हायला पाहिजे. आपल्याकडं जेवढी तालीम मंडळं, जेवढा फुटबॉल, तेवढं अख्ख्या देशात फार कमी ठिकाणी असेल. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, प्रत्येकाच्या भिंतीवर जुने फोटो लटकतायत. वेगळी इमारत नको, वेगळे पैसे नकोत. सकाळी दहाला तालीम रिकामी असते, चार खुर्च्या मांडा आणि चहा सांगा.

सीमोल्लंघन

क्लाईडकाठी, तुम्ही ग्लासगोत आहात म्हणून विचारतो. बॉलला हेडर (डोक्यानं) मारून मारून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो असं वाचलेलं, खरंय का? माझा मुलगा खेळतो.

क्लाईडकाठी

२०१९ ला इथल्याच विद्यापीठाचा अभ्यास आला होता, जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या अशा आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. पण ते वर्षानुवर्षं व्यावसायिक खेळलेले लोक. आणि २०२१ ला त्याच्याच पुढच्या अभ्यासात गोलकीपरना धोका सर्वसामान्य माणसांइतकाच दिसला, म्हणजे आप्पांच्या बाबतीत ह्याचा विचारही नको. नंतर इथं लहान मुलांना सरावात हेडर मारू देणं बंद केलं. मुलाचा फुटबॉल बंद करू नका, कोचशी बोला.

खुंटाला_शिवून

सगळे पुरुषांचंच लिहितायत म्हणून मी लिहिते. आमच्या सासूबाई. लग्नाआधी गडहिंग्लजच्या शाळेत खो-खो खेळायच्या, हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं! कुणी कधी विचारलंच नाही. डिमेन्शिया झाल्यावर दिवसभर पदराशी चाळा करत बसायच्या, आम्ही टीव्हीवर भजनं लावून द्यायचो कारण म्हातारीला भजनच लागणार असं आम्हीच ठरवून टाकलेलं. एकदा गच्चीवर खालच्या पोरी खो-खो खेळत होत्या, मी सासूबाईंना खुर्चीत बसवलेलं, एक पोरगी खो द्यायला उशीर करत होती तशा सासूबाई ओरडल्या, "दे की खो! झोपलीस काय!" आणि खुर्चीच्या कडेला एक पाय मागं एक पुढं असा घेऊन बसल्या, उठायच्या तयारीत. पंच्याऐंशी वर्षांच्या. त्या पोरी एवढ्या हसल्या आणि मग रोज आजींना विचारायला यायला लागल्या.

नंतर माहेरच्या माणसांकडनं कळलं की त्या जिल्ह्याच्या टीममध्ये निवडल्या गेलेल्या पण त्याच वर्षी लग्न लावून दिलं. मला हे अजून सहन होत नाही. तुमच्या घरातल्या बायांना आत्ताच विचारा, त्यांना आठवतंय तोवर विचारा, काय खेळत होतीस गं आई, कुठल्या मैदानावर. लिहून ठेवा.

गंगावेश_दूधकट्टा

मी जरा दुसरी बाजू लिहितो. सगळ्या आठवणी गोड नसतात हो. माझे काका पैलवान होते, खांदा निखळला आणि पैलवानकी सुटली, पुढं सगळं आयुष्य गिरणीत गेलं. आम्ही मोठ्या हौसेनं त्यांना हलगी ऐकवली तर ते लहान पोरागत रडायला लागले आणि रडणं कशाचं तेही त्यांना सांगता येईना. आठवण गेली होती, दुःख राहिलं होतं. आम्ही हलगी बंद केली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून मातीचं केलं, म्हणजे तालमीतली लाल माती, हळद, ताक, तेल घालून मळलेली, एका घमेल्यात आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. वास घेतला. हात घातला. खडे वेचायला लागले! तासभर खडे वेचत बसले शांतपणे, माती चाळणं हे तालमीत पोरसवदा असताना त्यांचं काम असणार. मग रोजचं झालं ते. आम्ही रात्री परत चार खडे मिसळून ठेवायचो.

म्हणजे सांगायचं काय तर कुस्ती चालली नाही तर कुस्तीच्या आजूबाजूचं बघा. माती, लंगोट, तेल, खुराकाची थंडाई. आणि रडले तर तिथंच सोडा, ताणू नका.

दुसरी एक धोक्याची सूचना. ओळखीतले एक आजोबा संध्याकाळी मॅचच्या गप्पा मारल्यावर घरातनं निघून गेले, मॅचला निघाले होते, शाहू स्टेडियमच्या रस्त्यावर रात्री साडेनऊला सापडले. पायात चप्पल नाही. तेव्हा हे सगळं सकाळी करा, चारच्या आत आटपा, दिवेलागणीला नकोच. आणि खिशात नाव-पत्ता-फोन नंबरची चिठ्ठी कायम ठेवा, प्रत्येक शर्टात.

पेठेतली_लेक

किती लिहिलंत सगळ्यांनी. डोळे भरून आले वाचताना. कानाचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, अपॉइंटमेंट घेतलीय.

रंकाळ्याचा_वारा म्हणाले तसं मुद्दाम चुकीचं बोलून बघितलं, काल यश आलं, आज नाही. आज माझ्याकडं नुसतंच बघत राहिले. आणि एक विचारायचं होतं. त्यांचा एक दोस्त लेफ्ट आउट खेळायचा, तो गेला २०१२ ला. आप्पा आता रोज विचारतात "त्यो आला न्हाई काय?" मी दोनदा खरं सांगितलं की आप्पा ते वारले, तर दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखे कोसळले. काय सांगू? खोटं बोलवत नाही मला त्यांच्याशी.

सेंटर_हाफ

मी उत्तर देऊ का. मला स्वतःला हा आजार आहे. वय ७१. दीड वर्षापूर्वी निदान. अजून लिहिता येतं पण वेळ लागतो, नातू तपासून देतो.

ताई तुम्ही फोटोवर बोट ठेवून विचारलंत ना. ते कसं वाटतं सांगतो. वर्गात मास्तरांनी उभं केल्यागत. तो माणूस माहीत असतो. त्याचा आवाज माहीत असतो, त्याची पासिंग माहीत असते. फक्त नाव येत नाही. आणि समोरचा नावच मागत असतो. आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की बापाला हे पण येईना. ते बघवत नाही म्हणून फोटो पालथा घालायचा.

नाव तुम्ही सांगा. "आप्पा, हा तुमचा फुल बॅक, ह्याचं हे नाव, ह्यो लई दांडगा होता म्हणे." मग थांबा. बराच वेळ थांबा. तुमच्या हिशोबानं लई वेळ वाटंल. आमच्या डोक्यात तेवढ्यात बॉल येत असतो लांबनं.

मुद्दाम चुकीचं बोलू नका. वाऱ्याला राग येऊ नये, त्यांच्या आजोबांना चाललं असेल. मला कळतं कोण मुद्दाम चुकतंय ते. बरं वाटत नाही. त्यापेक्षा खरंच जे येत नाही ते विचारा. पावसात वादीचा बॉल कसा धरायचा हे तुम्हाला येतं का? येत नाही. मग ते विचारा. आम्ही खेळायचो तेव्हा चामड्याचा बॉल, वर वादी बांधलेली, भिजला की धोंड्यासारखा व्हायचा. गोली लोकांची बोटं वाकडी व्हायची. आप्पांची बघा.

दोस्ताबद्दल. तो मेला हे मला रोज सांगितलं तर मी रोज सुतकात बसीन. आला नाही काय विचारतात म्हणजे त्याची आठवण येतीय. आठवण बोला. "लेफ्ट आउटला कसा पळायचा ओ तो?" हे खोटं नाही.

रंकाळ्याचा_वारा

काका, राग कसला. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी वर्षभर युक्ती युक्ती म्हणून मिरवत होतो, आजोबांना कधी कधी कळत असेल हे मनातच आलं नाही माझ्या. माझी पोस्ट वाचणाऱ्यांनी काकांची पण वाचा.

ओपीडी_नंतर

सेंटर_हाफ काका, तुमच्या "बराच वेळ थांबा" ह्या वाक्यासाठी मी आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक घराला तुमची पोस्ट वाचायला देणार आहे, परवानगी असेल तर. आम्ही पंधरा मिनिटांत हे सांगूच शकत नाही.

आणि पेठेतली_लेक, आईंकडं बघा. चोवीस तास ज्यांच्या अंगावर आहे त्यांना ह्या अर्ध्या तासात सुट्टी द्या, भाच्याला बसवा आप्पांजवळ. देशात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आलाय, आणि त्यातल्या बहुतेकांमागं घरातली एकच बाई राबत असते.

सेंटर_हाफ

परवानगी आहे.

ताई, आप्पा कुठल्या साली खेळले? मी ७३ पासून दुसऱ्या पेठेकडनं खेळायचो. असं असेल तर मी त्यांना गोल मारलेला असू शकतो.

पेठेतली_लेक

काका!! आप्पा ७५ पर्यंत खेळले. तुम्हाला मेसेज केलाय.

पेठेतली_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला माफ करा.

कानाची तपासणी झाली, दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. मशीन बसवलंय, सुरुवातीला सारखं काढून खिशात ठेवत होते, आता सकाळचे दोन-तीन तास ठेवतात. म्हणजे किती दिवस आम्ही त्यांच्याशी बोलत होतो आणि ते आमचे नुसते ओठ बघत होते.

आप्पांची बोटं बघितली. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही पेरातनं वाकडी. चाळीस वर्षं त्या हातातनं खाऊ घेतला मी, कधी विचारलं नव्हतं. विचारलं, म्हणजे खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं, आणि थांबले. भिंतीवरचं घड्याळ ऐकत थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाऊस होता." अजून थांबले. "सोडला न्हाई पण." तेवढंच. पुरे झालं मला.

सेंटर_हाफ काका त्यांच्या नातवाबरोबर घरी आले मागच्या रविवारी. आप्पांनी ओळखलं वगैरे काही नाही. चहा झाला, दोघं गप्प. आई आणि मी आत अस्वस्थ. मग काका म्हणाले, "गोली, चला, मैदान बघून येऊ," आणि आप्पा उठले, चप्पल घातली. आम्ही सगळे गांधी मैदानावर गेलो, सकाळचे साडेसात, पोरं खेळत होती. नातवानं पोरांना सांगितलं तशी त्यांनी एका बाजूचा गोल रिकामा करून दिला. आप्पा सरळ जाऊन दोन खांबांच्या मधे उभे राहिले. एका खांबाला हात लावला, मधे आले, मग दुसऱ्या खांबाकडं बघितलं, अंतर मोजल्यासारखं. काकांनी बॉल हळू ढकलला, अगदी हळू, आप्पांनी वाकून दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि सोडेचनात. काका म्हणाले, "आज पण न्हाई जाऊ दिला बघा."

मी फोटो काढायला गोलच्या शेजारी उभी होते. आप्पा माझ्याकडं वळले, कोण आहे ते माहीत नसल्यासारखंच, आणि हात हलवून म्हणाले, "पोरी, बाजूला हो जरा. बॉल लागंल."

दर रविवारी जायचं ठरलंय. गंगावेश_दूधकट्टा, खिशात चिठ्ठी ठेवलीय, प्रत्येक शर्टात. क्लाईडकाठी, तालमीतल्या पोरांशी बोलणं झालंय, सकाळी दहाची वेळ द्यायला तयार आहेत, आत्ता तीन आजोबा आणि खुंटाला_शिवून ह्यांच्या सासूबाई एवढी यादी आहे, अजून कुणाला आणायचं असेल तर मला मेसेज करा.

आणि एक मदत हवी होती. कुणाच्या माळ्यावर, पोटमाळ्यावर जुना वादीचा बॉल पडलेला असेल तर सांगा. फुटका असला तरी चालेल, चामडं पाहिजे.

तालमीतला_पोरगा

आमच्या तालमीत कपाटावर एक आहे ताई, हवा नाही त्यात. उद्या आणून देतो.